क्वीन्स पार्कमध्ये खरं कामकाज होतं तरी कधी?

प्रश्न असा आला आहे: 'पुण्याहून आलेल्या वडिलांना घेऊन टोरोंटोतल्या क्वीन्स पार्कला, म्हणजे ओंटारिओ प्रांताच्या विधानसभेत गेलो होतो. बाबा निवृत्त शिक्षक, राजकारणाची भारी आवड. तासभर प्रश्नोत्तरं पाहिली. एकाही प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि मंत्री काहीही बोलले की सरकारी बाकं उभी राहून टाळ्या पिटत होती. दुपारी पुन्हा गॅलरीत जाऊन बसलो, तर खाली जेमतेम वीसेक माणसं आणि त्यातली निम्मी फोनमध्ये. बाबा म्हणाले, मग काम करतं कोण? दिवसभरात नेमकं काय पाहायचं असतं?'

मी बरीच वर्षं याच गुलाबी दगडांच्या इमारतीत काढली. आधी एका आमदाराच्या कार्यालयात, पुढे समित्यांसाठी टिपणं तयार करण्याच्या कामात. तुमच्या वडिलांनी जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. उत्तरं मिळत नाहीत आणि दुपारी सभागृह ओस पडतं, दोन्ही खरं. फक्त त्यांचं लक्ष बोलणाऱ्यांकडे होतं. मी शेजारी असतो तर म्हटलं असतं, काका, घड्याळाकडे बघा.

आधी गणित. ओंटारिओत सभागृह एकच. विधान परिषदेसारखी भानगड कॅनडाच्या कुठल्याच प्रांतात आता उरलेली नाही. शेवटची क्युबेकची होती, ती १९६८ मध्ये गेली. ओंटारिओचे आमदार १२४, त्यांना इथे एमपीपी म्हणतात. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ८० जागा मिळाल्या, एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) २७, लिबरलना १४, ग्रीन पक्षाला २, आणि एक अपक्ष. पक्षशिस्त इथे कडक आहे, प्रतोद सांगेल तिथे मत पडतं. तेव्हा सरकारी विधेयकाचं शेवटी काय होणार, हे सकाळी दारावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक असतं. मग भांडण उरतं ते कशावर? ते मंजूर व्हायला किती दिवस लागणार यावर. सरकारला विधेयक चार दिवसांत उरकायचं असतं. विरोधकांना ते इतकं लांबवायचं असतं की बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ता लागावा. दिवसाच्या कामकाजपत्रिकेतली प्रत्येक ओळ ही या ओढाताणीत कुणाला किती मिनिटं मिळाली त्याची नोंद असते.

सभागृह सोमवार ते गुरुवार बसतं. शुक्रवारी आमदार आपापल्या मतदारसंघात. सकाळी नऊला अध्यक्षांची मिरवणूक येते, पुढे राजदंड. आपल्याकडे राजदंड पळवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पण इथला पहिला राजदंड तर १८१३ मध्ये टोरोंटोवर, तेव्हाच्या यॉर्कवर, चालून आलेल्या अमेरिकन सैन्यानेच लुटून नेला होता. तो परत मिळाला १९३४ मध्ये, रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना. वडिलांना ही गोष्ट नक्की आवडेल. मग प्रार्थना. २००८ पर्यंत फक्त ख्रिस्ती 'लॉर्ड्स प्रेअर' होत असे. तेव्हाच्या प्रीमियरनी, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी, ती बदलायचा विचार बोलून दाखवला आणि पत्रांचा पाऊस पडला. शेवटी तडजोड झाली: ती प्रार्थना राहिलीच, तिच्या जोडीला आळीपाळीने दुसरी एक आली. मूळनिवासी, बौद्ध, मुस्लिम, ज्यू, बहाई, शीख, हिंदू, कधी नुसतं मौन. हिंदू प्रार्थनेचा दिवस साधला तर वडील खूश होतील, पण कुठल्या दिवशी कुठली ते ठरवून जाता येत नाही.

नऊ ते सव्वादहा सरकारी विधेयकांवर चर्चा. गॅलरीत चिटपाखरू नसतं. या चर्चेचा हिशेब समजला की दुपारच्या रिकाम्या सभागृहाचं कोडं सुटतं, म्हणून इथे थोडं थांबतो. विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला, म्हणजे त्याच्या तत्त्वावरच्या चर्चेला, साडेसहा तास झाले की सरकारला एक हत्यार मिळतं. ते 'टाइम अलोकेशन'चा ठराव आणू शकतं: आता एवढेच तास बोला, समितीला एवढेच दिवस, अमुक वाजता मतदान. बहुमत असल्याने ठराव पास होतोच. म्हणजे सरकारला साडेसहा तास कसेही करून भरून काढायचे असतात आणि विरोधकांना त्या साडेसहा तासांत जेवढं नोंदवता येईल तेवढं नोंदवायचं असतं. तुम्ही दुपारी पाहिलेली माणसं ते तास भरत होती. प्रत्येक पक्षाचा प्रतोद पाळ्या लावतो, कुणी कधी सभागृहात बसायचं त्या. गणसंख्या अध्यक्षांसह फक्त १२. ज्याची पाळी आहे तो बसतो, मतदारसंघातली पत्रं चाळतो, वेळ आली की वीस मिनिटं बोलतो. बाकीचे समितीत, कार्यालयात, शिष्टमंडळाबरोबर. सभागृह रिकामं म्हणजे आमदार घरी, असं नसतं. आळशी आमदार असतातच, ते कुठे नसतात? पण रिकाम्या बाकांवरून त्यांची गणती करू नये.

सव्वादहाला आमदारांची निवेदनं. प्रत्येकी दीड मिनिट, विषय आपल्या मर्जीचा. माझ्या मते सगळ्या दिवसातला हा सर्वांत प्रामाणिक तुकडा. कुणी गावातल्या बंद पडलेल्या इमर्जन्सी विभागाबद्दल बोलतं, कुणी वारलेल्या हॉकी प्रशिक्षकाबद्दल, कुणी एखाद्या समाजाच्या सणाबद्दल. उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं, त्यामुळे आव आणायची गरज नसते. तुमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची नोंद प्रांताच्या दप्तरी व्हावी असं वाटत असेल, तर आमदाराच्या कार्यालयाला पुरेसे आधी लिहा. ही त्याची जागा. पुढच्या वेळी वडिलांना नेणार असाल तर आमदाराला पाहुण्यांच्या ओळखीच्या वेळी त्यांचं नाव घ्यायलाही सांगता येतं. वेळ तोकडा असतो, पण साधलं तर हॅन्सार्डमध्ये, म्हणजे शब्दशः इतिवृत्तात, नाव छापून येतं.

मग तो गाजलेला तास. २००८ पर्यंत तो दुपारी व्हायचा, तेव्हापासून सकाळी आला. साठ मिनिटं, घड्याळ लावून. महाराष्ट्राच्या विधानसभेत तारांकित प्रश्न आधी देऊन ठेवावा लागतो, मंत्री खात्याकडून लेखी उत्तर तयार करून आणतो, खरी कसोटी उपप्रश्नांत लागते. इथे आगाऊ सूचनाच नाही. विरोधी पक्षनेता उठतो आणि काहीही विचारतो. म्हणून दर मंत्र्यापुढे एक जाड फाइल असते: संभाव्य विषय आणि प्रत्येकाखाली चार ओळी. प्रश्नाला साधारण एक मिनिट, उत्तराला एक मिनिट, मग उपप्रश्न. एका मिनिटात खात्याचा कारभार समजावून सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तसा कुणाचा इरादाही नसतो. प्रश्न संध्याकाळच्या बातमीसाठी विचारलेला असतो, उत्तरही तिथेच जायचं असतं. मध्येच एखादा सरकारी आमदार उठून आपल्याच मंत्र्याला विचारतो, 'मंत्रिमहोदय आपल्या उत्तम योजनेबद्दल सांगतील का?' मंत्री सांगतात. ते मिनिट चहा प्यायला चांगलं, पण गॅलरीत चहा नेता येत नाही.

कुणाला किती प्रश्न मिळतात हाही वेळेचाच खेळ. त्यासाठी पक्षाला सभागृहाची मान्यता लागते. २०१८ च्या निवडणुकीत लिबरल पक्ष ७ वर घसरला, तेव्हा मान्यतेला ८ लागत होते. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने ही अट १२ वर नेली. २०२२ मध्ये लिबरल बरोबर ८ वर आले! जुन्या अटीत बसले असते. नव्या अटीमुळे आणखी तीन वर्षं प्रश्नांच्या तुकड्यांवर राहिले. कायद्यातला एक आकडा बदलला आणि एका पक्षाचा आवाज आणखी काही वर्षं बारीकच राहिला. २०२५ मध्ये १४ निवडून आल्यावर ते पुन्हा रांगेत बसले.

या तासात पाहायचं ते हे. प्रीमियर स्वतः कुठल्या प्रश्नाला उठतात आणि कुठला दुसऱ्या मंत्र्याकडे ढकलतात. पहिल्या प्रश्नाला उठले आणि उपप्रश्न ढकलला, तर फाइलीतल्या चार ओळी संपल्या असं समजा. आणि प्रश्नकर्त्याच्या हातात कागद कुठला आहे ते पाहा. नुसता आरोप असेल तर आवाज चढतो. हातात महालेखापरीक्षकांचा अहवाल असेल तर आवाज खाली येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीनबेल्टचा अहवाल आला. टोरोंटोभोवतीच्या संरक्षित जमिनीतले काही तुकडे घरबांधणीसाठी मोकळे केल्याने त्यांच्या मालकांचा ८२८ कोटी डॉलरहून अधिक फायदा होऊ शकतो, असा त्यात अंदाज होता. महालेखापरीक्षक हे सभागृहाचे अधिकारी, सरकारचे नव्हेत, त्यामुळे मंत्र्यांना 'विरोधकांचे खोटे आकडे' असं म्हणायची सोय राहिली नाही. सभागृह २५ सप्टेंबरला बसणार होतं. २१ सप्टेंबरला प्रीमियर फोर्ड यांनी माफी मागितली आणि निर्णय मागे घेतला. त्या दोन तारखांतलं अंतर मला योगायोग वाटत नाही. प्रश्नांच्या तासाचं सगळ्यात मोठं काम कधीकधी तो भरण्याआधीच होऊन जातं.

आरडाओरड्याबद्दल म्हणाल तर त्यालाही चौकट आहे. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने बसायचं आणि घड्याळ थांबवायचं. ओरडणाऱ्यांनी आपलंच मिनिट खाऊ नये म्हणून ही तरतूद. दुसऱ्या सदस्याचं नाव घ्यायचं नाही, मतदारसंघ किंवा खातं म्हणायचं. कुणी गैरहजर असल्याचा उल्लेख करायचा नाही. आणि कुणाला खोटारडा म्हणायचं नाही. म्हटलंत तर अध्यक्ष शब्द मागे घ्यायला सांगतात. नाही घेतला तर त्या दिवसापुरतं बाहेर. गंमत अशी की बाहेर काढलं जाणं हेही हत्यार आहे.

त्याचं सर्वांत झणझणीत उदाहरण २०२२ चं. शाळांतले सफाई कामगार, शिपाई, शिक्षकांचे मदतनीस असे सुमारे ५५ हजार कर्मचारी पगारवाढीसाठी संपावर जाणार होते. सरकारने ३१ ऑक्टोबरला, सोमवारी, विधेयक क्रमांक २८ मांडलं: संप बेकायदा, करार सरकार ठरवेल तो, आणि कोर्टात आव्हान मिळू नये म्हणून राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांना बाजूला ठेवणारं 'नॉटविथस्टँडिंग' कलम सोबत. दिवस कमी पडू नयेत म्हणून सभागृह पहाटे पाचला बोलावलं. लाल डोळ्यांनी कॉफीचे पेले घेऊन आलेले आमदार मला अजून आठवतात. बुधवारी प्रश्नांच्या तासाला एनडीपीचे तेव्हाचे हंगामी नेते पीटर टॅबन्स यांनी प्रीमियर खोटं बोलत असल्याचं म्हटलं, शब्द मागे घ्यायला नकार दिला आणि बाहेर गेले. पाठोपाठ त्यांचे सहकारी एकेक करून तेच करत, तसेच बाहेर पडले. मतदानावर याचा काडीचाही परिणाम होणार नव्हता. गुरुवारी ३ नोव्हेंबरला विधेयक मंजूर झालं. पण शुक्रवारी कर्मचारी बंदी झुगारून बाहेर पडले, खूपशा शाळा बंद राहिल्या, बाकीच्या कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहायला लागल्या. सोमवारी प्रीमियरनी कायदा मागे घ्यायची तयारी दाखवली आणि १४ नोव्हेंबरला तो रद्द झाला. असा रद्द, की जणू तो कधी अस्तित्वातच नव्हता. करायला चार दिवस लागले, पुसायला एक.

एका दिवसात पुसता कसा आला? सर्वांची संमती होती म्हणून. इथे आपण या इमारतीतल्या सगळ्यात ताकदवान गोष्टीपाशी येतो, आणि ती बहुतेक प्रेक्षकांच्या कानावरून निघून जाते. कुणीतरी उठून म्हणतं, 'सभागृहाची एकमुखी संमती असेल तर...' अध्यक्ष विचारतात, 'संमती आहे का?' एखाद्या कोपऱ्यातून 'नो' ऐकू येतो आणि विषय संपतो. एकच 'नो'. कुणी म्हटला तेही बऱ्याचदा इतिवृत्तात येत नाही. संमती असेल तर नोटीस, वाचनं, मधले दिवस, सगळे नियम गळून पडतात. २००९ पासून १,१६,५५० डॉलरवर गोठलेला आमदारांचा पगार ३५ टक्क्यांनी वाढवण्याचा कायदा २०२५ मध्ये सगळ्या पक्षांच्या पाठिंब्याने कसा झटकन झाला ते आठवून पाहा. उलट एप्रिल २०२४ मध्ये अध्यक्षांनी पॅलेस्टिनी केफिया रुमालावर बंदी घातली. ती उठवावी असं प्रीमियरसह सर्व पक्षनेते बाहेर सांगत होते. संमती मागितली गेली, सरकारी बाकांवरून 'नो' आला, आणि बंदी कायम राहिली.

पण 'नो'ची खरी किंमत पाहायची तर शेजारच्या मॅनिटोबात, जून १९९० मध्ये जावं लागतं. मीच लेक करार नावाची घटनादुरुस्ती, क्युबेकला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता देणारी, सगळ्या प्रांतांच्या विधानसभांनी २३ जून १९९० च्या आत मंजूर करायची होती. वाटाघाटी लांबत लांबत मॅनिटोबाच्या हातात जेमतेम दोन आठवडे उरले. तिथल्या नियमांप्रमाणे ठरावाला आधी नोटीस हवी आणि मग जनसुनावणी. हे टाळायचं तर एकमुखी संमती लागणार. तिन्ही पक्षांचे नेते तयार होते. एनडीपीचे एलायजा हार्पर, रेड सकर लेकचे, ओजी-क्री या मूळनिवासी समाजाचे नेते, १२ जूनला उभे राहिले आणि संमती नाही म्हणाले. करार ठरवताना मूळनिवासींना कुणी विचारलंच नव्हतं, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही, तिसऱ्या दिवशीही. हातात गरुडाचं पीस. भाषण नाही, आरडाओरडा नाही. मुदत संपेपर्यंत मॅनिटोबात ठराव मतालाच गेला नाही, न्यूफाउंडलंडनेही मग मतदान घेतलं नाही, आणि अख्ख्या देशाची घटनादुरुस्ती बारगळली. हार्पर मतदानात हरले असते यात शंका नाही, म्हणून त्यांनी मतदान होऊच दिलं नाही.

हार्पर यांच्या भाषेचा धागा क्वीन्स पार्कपर्यंतही पोचतो. वायव्य ओंटारिओचे आमदार सॉल मामाक्वा यांनी २८ मे २०२४ ला सभागृहात ओजी-क्रीत, त्यांच्या शब्दांत आनिशिनिनीमोविनमध्ये, भाषण केलं आणि प्रीमियरना प्रश्न विचारला: तिकडच्या सू लुकआउट गावच्या वृद्धांसाठी कबूल केलेलं निवासगृह कधी होणार? इंग्रजी आणि फ्रेंच सोडून तिसऱ्या भाषेत दुभाष्यासह कामकाज होण्याची ती पहिलीच वेळ. त्यासाठी आधी मार्चमध्ये नियम बदलावे लागले. गॅलरी त्यांच्या गावच्या ज्येष्ठांनी भरली होती. त्या दिवशी सभागृहात जी शांतता होती ती मी प्रश्नांच्या तासाला एरवी कधी ऐकली नाही. घड्याळही जरा सैल सोडलं होतं.

तास संपला की पर्यटक उठतात आणि नेमकी चूक करतात. आदल्या दिवशी लांबणीवर टाकलेलं मतदान याच वेळी होतं. घंटा पाच मिनिटं वाजतात, अख्खं सभागृह भरलेलं असतं आणि एकेका आमदाराला उभं राहून मत द्यावं लागतं. चर्चेनंतरचं आवाजी मतदान नुसतं नावाला. पाच जण उभे राहिले की मतविभागणी होते आणि ती बहुधा इथे येऊन पडते. कोण उभं राहिलं यापेक्षा कोण आलंच नाही ते पाहा. पक्षाविरुद्ध मत देणं परवडत नाही, पण त्या सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जाणं परवडतं. मग बाहेरच्या मार्गिकेत पत्रकार मंत्र्यांना गाठतात, आणि जे उत्तर आत मिळालं नाही ते कधीकधी तिथे निसटतं.

दुपारचं नित्याचं कामकाज तुम्ही सोडलंत तरी चालेल. समित्यांचे अहवाल, नवी विधेयकं (पहिल्या वाचनाला चर्चा नसते, शीर्षक आणि चार वाक्यं), मंत्र्यांची निवेदनं, याचिका. मग पुन्हा ते तास भरणं.

त्याऐवजी वडिलांना घेऊन जिना उतरा आणि समितीच्या खोलीत जाऊन बसा. १५१ क्रमांकाची खोली त्यातली नेहमीची. इथे बाहेरची माणसं येऊन बोलतात. तिघांना एकत्र बसवतात, प्रत्येकाला सात मिनिटं, मग आमदारांचे प्रश्न. एकदा नर्सांची संघटना, बिल्डरांची संघटना आणि एकटी आलेली एक आजी अशी तिकडी पाहिली होती. आजीने बाकी दोघांना झाकून टाकलं. त्यानंतर विधेयकाचं कलमवार वाचन होतं. विरोधकांच्या दुरुस्त्या ओळीने पडतात. पण खात्याचे वकील मागे बसलेले असतात, आणि विरोधकांनी दाखवलेली चूक दोन दिवसांनी सरकारी दुरुस्ती म्हणून गुपचूप परत येताना मी पुष्कळदा पाहिली आहे. श्रेय कुणाला मिळत नाही, कायदा मात्र थोडा बरा होतो. म्हणूनच समितीचा टप्पा कापणं किंवा गाळणं मला प्रश्नांच्या तासातल्या कुठल्याही गोंधळापेक्षा वाईट वाटतं, आणि अलीकडे ते फार सहज होऊ लागलं आहे.

हे असं झालं कसं, त्यालाही इतिहास आहे. १९९० मध्ये एनडीपीचे आमदार पीटर कॉर्मोस वाहनविम्याच्या विधेयकावर सलग १७ तास बोलले. १९९१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेते माइक हॅरिस यांनी एनडीपी सरकारला अडवायला असं एक विधेयक मांडलं, ज्याच्या शीर्षकातच प्रांतातल्या तलाव-नद्यांची नावं होती, आणि शीर्षक वाचून दाखवावंच लागतं! पुढे हेच हॅरिस प्रीमियर झाले आणि १९९७ मध्ये त्यांनी टोरोंटोच्या सहा नगरपालिका एकत्र करण्याचं विधेयक आणलं. विरोधकांनी जवळजवळ प्रत्येक रस्त्यासाठी एक, अशा हजारो दुरुस्त्या दिल्या: अमुक रस्त्यावरच्या रहिवाशांना विचारल्याशिवाय अंमल नको. दिवसरात्र कामकाज चाललं. शेवटच्या दिवशी सामना अनिर्णित राखायला उभ्या राहिलेल्या शेपटाच्या फलंदाजांसारखे विरोधक एकेक दुरुस्ती खेळत होते. एका रात्री पेंगुळलेल्या सरकारी बाकांनी वेळेत 'नाही' म्हटलं नाही आणि कॅफन कोर्ट नावाच्या एका गल्लीची दुरुस्ती चक्क मंजूर झाली. विधेयक शेवटी झालंच. पण त्या वर्षी नियम आवळले गेले, आणि नंतर आलेल्या कुठल्याच पक्षाच्या सरकारने ते मनापासून सैल केले नाहीत. विरोधात असताना जो नियम जुलमी वाटतो तो सत्तेत आल्यावर सोयीचा वाटतो. यात इथले पक्ष एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

अशासकीय विधेयकांसाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांच्या विधेयकांसाठी, दिवसाच्या शेवटी थोडा वेळ राखलेला असतो. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि बहुतेक विधेयकं समितीत जाऊन धूळ खातात. तरी तुमची मुलं इथल्या शाळेत असतील तर अशा विधेयकांची फळं तुम्ही चाखली आहेत. जीवघेण्या ॲलर्जीबाबत प्रत्येक शाळेकडे योजना हवी, असं सांगणारा २००५ चा 'सॅब्रिनाज लॉ' हा एका साध्या आमदाराने आणलेला. मुलाला फुटबॉल किंवा हॉकीच्या संघात घालताना डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचल्याचं दरवर्षी कबूल करावं लागतं, तो २०१८ चा 'रोवन्स लॉ'. रग्बी खेळताना लागोपाठ डोक्याला मार बसून १७ व्या वर्षी गेलेल्या रोवन स्ट्रिंगरच्या नावाचा. त्याची सुरुवातही विरोधी बाकावरच्या आमदाराच्या विधेयकातून झाली.

आणि सर्वांत शेवटी, सगळे निघून गेल्यावर, कधीकधी 'लेट शो' असतो. सकाळच्या उत्तराने समाधान झालं नाही अशी नोटीस दिलेली असेल तर त्या आमदाराला पाच मिनिटं आणि मंत्र्याला किंवा त्याच्या संसदीय सचिवाला उत्तराला पाच मिनिटं. कॅमेरे कुणी बघत नाही. माझा अनुभव, दिवसातलं बऱ्यापैकी सरळ उत्तर मिळालंच तर इथे मिळतं.

आता तुमच्यापुरतं. जाण्याआधी विधानसभेचं कॅलेंडर पाहा. २०२४ मध्ये ६ जूनला उठलेलं सभागृह थेट २१ ऑक्टोबरला बसलं, त्यामुळे उन्हाळ्यात आलेल्या आईवडिलांना रिकामी दालनं दाखवून आणावी लागतात. घड्याळाच्या वेळाही नियम बदलले की बदलतात, त्या त्याच दिवशी तपासा. फोटो असलेलं ओळखपत्र न्या. गॅलरीत टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. सकाळी सव्वादहाच्या आत बसा, प्रश्नांचा तास आणि त्यानंतरचं मतदान पाहा, जेवा, आणि दुपारी समितीच्या खोलीत जा. सभागृहात कागद पोचवत फिरणारी गणवेशातली मुलं दिसतील, ती सातवी-आठवीतली असतात. घरात त्या वयाचं कुणी असेल तर त्यासाठी अर्ज करता येतो.

वडिलांनी विचारलंय की काम करतं कोण. तुम्ही स्वतः इथे राहता, तेव्हा त्यातलं थोडं तुम्हीही करू शकता. अर्थसंकल्पाआधी हिवाळ्यात वित्त समिती प्रांतभर फिरून सुनावण्या घेते. नाव नोंदवायची सूचना समितीच्या पानावर येते आणि मुदत फार थोडी असते. सात मिनिटांत एकच मागणी मांडा, आकडा सांगा, आणि लेखी प्रत आधी पाठवा. सुनावणीत जागा नाही मिळाली तरी लेखी निवेदन समितीसमोर जातं.